रेसलमेनिया ४०: पहाटे साडेचारला उठून बघितलेली नुरा कुस्ती

परवा लागून सुट्ट्या आल्या आणि बाहेर जायचं काही ठरत नव्हतं, म्हणून रेसलमेनिया ४०, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई ह्या अमेरिकन कुस्ती कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, परत काढून बघितला, दोन्ही रात्री, मध्ये फक्त जेवणापुरता पॉज. बघताना लक्षात आलं की ह्याच्यावर लिहायचं राहूनच गेलंय. २०२४ च्या एप्रिलमध्ये लाइव्ह बघितला तेव्हा लिहिलं असतं तर नुसता आरडाओरडा झाला असता, आता जरा डोकं थंड आहे आणि शेवट माहीत असताना परत बघितला तरी मजा येते का हेही कळलं. येते. पण सगळ्याची नाही येत, आणि तेच सांगायचंय.

आधी जुजबी माहिती. ६ आणि ७ एप्रिल २०२४, फिलाडेल्फियाचं लिंकन फायनान्शियल फील्ड, म्हणजे तिथल्या ईगल्स फुटबॉल टीमचं घरचं मैदान, उघडं स्टेडियम, पहिल्या रात्री ७ मॅचेस आणि दुसऱ्या रात्री ठरलेल्या ६. दोन्ही रात्रींचं मिळून कंपनीने जाहीर केलेलं पब्लिक १,४५,२९८. हा आकडा कंपनीचा आहे आणि ह्या धंद्यात गर्दी जरा फुगवून सांगायची फार जुनी रीत आहे, तरी कॅमेरा वर गेला की वरच्या टोकापर्यंत माणसंच माणसं दिसतात हे खरं. पे-पर-व्ह्यू हे नाव आपल्या तोंडात बसलंय, पण ते तिकडचं प्रकरण, पूर्वी अमेरिकेत एकेका शोचे वेगळे पैसे भरून केबलवर बघायला लागायचं. नंतर ते सबस्क्रिप्शनमध्येच यायला लागलं आणि कंपनी आता त्याला प्रीमियम लाइव्ह इव्हेंट म्हणते. आपल्याकडे तसंही कोणी वेगळे पैसे कधी भरले? लहानपणी केबलवर टेन स्पोर्ट्स, तेव्हा सोनी, आणि २०२५ च्या एप्रिलपासून नेटफ्लिक्स. आपल्याला खरी किंमत मोजायला लागते ती झोपेची. तिकडे शनिवार संध्याकाळचे सात म्हणजे इकडे रविवार पहाटेचे साडेचार, आणि दुसरी रात्र म्हणजे थेट सोमवार सकाळ, ऑफिसचा दिवस, त्यातून दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा म्हणजे घरात आधीच साफसफाईचं वातावरण.

तर अलार्म लावून उठलो, आवाज बारीक करून टीव्ही लावला आणि पंधरा मिनिटांत आण्णा बाहेर आले. आण्णा म्हणजे माझे वडील. तरुणपणी तालमीत होते, मातीतली कुस्ती खेळलेले, कान बघितला तरी कळतं. त्यांना हा प्रकार आयुष्यात कधी पटला नाही. लहानपणी आम्ही ट्रम्प कार्ड घेऊन बसायचो, कोणाची उंची किती, वजन किती, छाती किती, तेव्हा ते म्हणायचे की अरे ही सगळी नुरा कुस्ती आहे, आधी ठरवून खेळतात. नुरा हा शब्द मी राजकारणाच्या बातम्यांच्या आधी ह्या संदर्भात ऐकलाय. तर आण्णा आले, टीव्हीकडे बघितलं, म्हणाले, ‘अजून ह्यातच आहेस व्हय?’ आणि चहा घेऊन बसले. उठून गेले नाहीत हे महत्त्वाचं.

पहिली रात्र तशी ठीकठाक सुरू झाली. ट्रिपल एचने येऊन स्वागत केलं, मग रिया रिप्ली विरुद्ध बेकी लिंच, ओपनिंगला एवढी मोठी मॅच टाकायची हिंमत आवडली, दोघी जोरात खेळल्या आणि रिया जिंकली, बरोबर निकाल. रियाच्या एन्ट्रीला मोशनलेस इन व्हाइट बँड लाइव्ह होता, आण्णांनी त्या वेळात दात घासून घेतले. त्यानंतर सहा टीमची लॅडर मॅच, दोन्ही जोड्यांचे बेल्ट वर टांगलेले, आणि त्यात आर-ट्रूथ आणि मिझने रॉ ह्या साप्ताहिक शोचे बेल्ट काढले. आर-ट्रूथ तेव्हा बावन्न वर्षांचा माणूस बरं का, लॅडरवर चढून बेल्ट काढतो आणि चेहऱ्यावर असा भाव की चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसलोय. मला ह्या मॅचची एवढी किंमत नव्हती पण परत बघताना सगळ्यात जास्त हसलो ते इथेच.

रे मिस्टेरिओच्या मॅचमध्ये मास्क घालून दोन आडदांड माणसं मधे घुसली, मास्क काढला तर ईगल्सचे जेसन केल्सी आणि लेन जॉन्सन. तिकडच्या पब्लिकने छप्पर नसलेलं स्टेडियम डोक्यावर घेतलं. आपल्याला घंटा कळलं नाही कोण ते, मी मोबाइलवर शोधून आण्णांना सांगितलं की इथले लोकल हिरो आहेत, मग त्यांनी मान हलवली, म्हणजे गावच्या मैदानात गावचाच पैलवान उतरवल्यासारखं. तसंच.

उसो भावांची मॅच मात्र फुकट घालवली. जे उसो आणि जिमी उसो, सख्खे जुळे भाऊ, अनेक वर्षं टीम म्हणून खेळले, मग घरातच फूट पडली, आणि दोन भाऊ रेसलमेनियाला समोरासमोर येतात, ह्याच्यापेक्षा तयार मसाला कुठे मिळणार? लिल वेनला आणून जेची एन्ट्री दणक्यात केली आणि मॅचमध्ये काय, तर तू मला सुपरकिक मार, मी तुला मारतो, परत तू. दहा-अकरा मिनिटांत खेळ खल्लास. भाऊबंदकी दाखवायची तर जरा रडू यायला पाहिजे की नाही, इथे दोघांनी तालीम केल्यासारखी केली आणि निघाले. परत बघतानासुद्धा हीच मॅच सगळ्यात लांब वाटली, आणि ती तर छोटी आहे. सहा बायकांच्या टीम मॅचबद्दल माझ्याकडे एकच वाक्य आहे, जेड कारगिल उभी राहिली की बाकी कोणाकडे बघवत नाही.

आणि मग गुंथर विरुद्ध सॅमी झेन.

हा गुंथर ऑस्ट्रियाचा, उंच, नुसता उभा राहिला तरी भीती वाटेल असा. इंटरकॉन्टिनेन्टल बेल्ट त्याच्याकडे ६६६ दिवस. तो फार काही उड्या मारत नाही, हाताचा पंजा उघडा करून छातीवर थापड हाणतो आणि तो आवाज स्टेडियमच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो, समोरच्याची छाती दोन मिनिटांत लालबुंद. आण्णा पहिल्यांदा पुढे सरकून बसले. म्हणाले, ‘हा पैलवान आहे. बाकीचे दुकानदार.’ आता गुंथर खराच मारतो की नाही ह्याच्यावर मी काही बोललो नाही कारण छाती लाल झालेली मेकअपने होत नाही हे त्यांना दिसत होतं. समोर सॅमी, अंगाने साधा, पोट थोडं सुटलेलं, दाढी वाढलेली, तुमच्या-माझ्यासारखा दिसणारा माणूस. त्याला ह्या मॅचसाठी तयार करणारा चॅड गेबल, जो खराखुरा २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ग्रीको-रोमन खेळून आलाय. हे सांगितल्यावर आण्णांचा चेहरा बघायचा होता तुम्ही. ऑलिम्पिक खेळलेला माणूस ह्यात काय करतोय, असं. मी म्हटलं आण्णा, पोट आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत, त्यांनीही पुढे नोकरीच केली शेवटी.

मॅचची रचना एवढी साधी आहे की लहान पोराला कळेल. मोठा मारतोय, छोटा उठतोय. सॅमीची बायको आणि पोरगं पुढच्या रांगेत, आणि गुंथर तिच्याकडे बघून डिवचतो, की बघ तुझ्या नवऱ्याची काय अवस्था करतोय. इथून मॅच फिरते. शेवटी सॅमी पळत येऊन कोपऱ्यात लाथ हाणतो, परत हाणतो, आणि गुंथरचे दोन्ही खांदे जमिनीला. आता गंमत बघा, खांदे टेकवून जिंकायचं हे आपल्याकडचं चितपटच की, फक्त इथे तीन मोजेपर्यंत दाबून ठेवायला लागतं. आण्णांनी तीन मोजले, मोठ्याने. आई आतून म्हणाली, ‘काय झालं हो?’ काही नाही म्हणाले. मला विचाराल तर पूर्ण वीकेंडमधली सगळ्यात चोख मॅच हीच. बाकीच्यांना मागचापुढचा इतिहास लागतो, हिला काहीच लागत नाही.

पहिल्या रात्रीची मेन इव्हेंट, रॉक आणि रोमन रेन्स विरुद्ध कोडी ऱ्होड्स आणि सेथ रॉलिन्स. इथे मागची गोष्ट सांगायला लागेल नाहीतर पुढचं काही कळणार नाही, आणि खरं तर माझ्या ह्या पूर्ण लिखाणाचा मुद्दाच ह्यात आहे.

कोडीचे वडील डस्टी ऱ्होड्स, प्लंबरचा मुलगा, ढेरपोट्या, बोलायला लागला की समोरचा ऐकत राहील असा. खूप मोठा झाला पण ह्या कंपनीचा मुख्य बेल्ट त्याला कधी मिळाला नाही. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला सुपरस्टार बिली ग्रॅहमला हरवलं, पण समोरचा रिंगबाहेर राहिला म्हणून मोजून हरवलं, आणि तसं हरवलं की बेल्ट हातात येत नाही. म्हणजे कुस्ती जिंकली, गदा नाही मिळाली. २०१५ मध्ये डस्टी गेला. मुलगा कोडी ह्याच कंपनीत तोंडाला रंग फासून स्टारडस्ट नावाचं काहीतरी विचित्र पात्र करायचा, २०१६ मध्ये कंटाळून सोडून गेला, बाहेर नाव कमावलं, २०१९ मध्ये एईडब्ल्यू ही विरोधी कंपनी उभी करण्यात हात होता, आणि २०२२ मध्ये परत आला ते एकच घोषणा घेऊन, की बापाची स्टोरी पूर्ण करणार. २०२३ चा रॉयल रम्बल जिंकला, म्हणजे रेसलमेनियाला बेल्टसाठी खेळायचा हक्क मिळाला, रेसलमेनिया ३९ ला लॉस एंजेलिसजवळ चॅम्पियन रोमनसमोर उभा राहिला, सगळ्यांना वाटलं झालं काम, आणि सोलो सिकोआने मधे येऊन घोळ घातला, कोडी हरला. त्या दिवशी मी एवढा वैतागलो होतो की दोन-तीन महिने काही बघितलंच नाही.

बरं, २०२४ चा रम्बल परत कोडीनेच जिंकला. आता तरी होईल ना? तर २ फेब्रुवारीला स्मॅकडाउन ह्या कंपनीच्या दुसऱ्या साप्ताहिक शोमध्ये कोडी येतो आणि सांगतो की मी रोमनशी खेळीन पण रेसलमेनियाला नाही, आणि रॉक येतो, तो आणि रोमन एकमेकांकडे रोखून बघतात, कोडी बाजूने निघून जातो. म्हणजे दोन वर्षं रांगेत उभ्या माणसाला खिडकीपाशी सांगायचं की साहेबांचा पाहुणा आलाय, तुम्ही बाजूला व्हा. त्यात हा पाहुणा कोण, तर जानेवारीतच कंपनीच्या मालक कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसलेला. लोक भडकले. ‘वी वॉन्ट कोडी’ सगळीकडे, प्रत्येक शोमध्ये, प्रत्येक व्हिडिओखाली. आणि सहा दिवसांत, ८ फेब्रुवारीला लास वेगासच्या कार्यक्रमात कोडी म्हणतो की मी रोमनलाच निवडतो, रॉक त्याच्या थोबाडीत देतो, आणि रॉक खलनायक होतो.

काही जण म्हणतात हे सगळं पहिल्यापासून ठरलेलंच होतं, लोकांना भडकवायलाच केलं. मला नाही पटत. त्या पहिल्या शुक्रवारचा कोडीचा चेहरा परत बघा. पण समजा ठरलेलं असलं तरी माझा आण्णांशी वाद होता तो इथेच. नुरा कुस्तीत निकाल कोण ठरवतं? दोन पैलवान ठरवतात आणि पब्लिकला गंडवतात. पब्लिकला कळलं की दगड पडतात. इथे पब्लिकला पहिल्यापासून माहीत आहे की ठरवून चाललंय, आणि पब्लिकच ओरडून सांगतं की आम्हाला हा निकाल नको, तो दे, आणि नाकीनऊ येऊन मालकाला तो द्यायला लागतो. ही कसली नुरा? आण्णा म्हणाले, मग त्यांनी सरळ मतपेटीच ठेवावी. वाद काही जिंकलो नाही.

तर पहिल्या रात्रीची टीम मॅच. अट अशी की रॉक-रोमन जिंकले तर दुसऱ्या रात्री कसलेही नियम नाहीत, ब्लडलाइनने, म्हणजे रोमनच्या भावकीच्या टोळीने, पाहिजे तेवढी माणसं आणावी. म्हणजे कोण जिंकणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पाऊण तास चालली ती मॅच! रॉकची २०१३ नंतरची पहिली खरी लांब मॅच, वय एक्कावन्न, आणि मान्य आहे की तो चालत येतो तेव्हा अंगावर काटा येतो, भुवई वर केली की स्टेडियम पागल होतं, पण चालत येण्यातच एवढा वेळ गेला की माझा दुसरा चहा झाला. मग रिंगबाहेर फिरणं, टेबलापाशी फिरणं, रेफरीला दम देणं की मी तुझा बॉस आहे. पहिल्यांदा बघताना ह्याला भारी म्हणालो होतो, परत बघताना अर्धं पुढे ढकललं. उघड्या मैदानात थंडी एवढी की बिचाऱ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. शेवटी रॉकने कोडीला पाडला. रविवारची सकाळ, पोहे, झोप.

सोमवार. ऑफिसला मी उशिरा येतोय असा मेसेज आधीच रात्री टाकून ठेवलेला, कारण लिहिलं होतं ‘घरगुती काम’. आण्णा मला न उठवताच उठलेले.

दुसऱ्या रात्रीची सुरुवात स्टेफनी मॅकमॅहनने केली, नवऱ्याचा, म्हणजे ट्रिपल एचचा, काळ सुरू झालाय असं सांगत. जानेवारीत गंभीर आरोपांचा खटला दाखल झाल्यावर तिच्या वडिलांनी, म्हणजे विन्सने राजीनामा दिलेला, आणि ज्याने रेसलमेनिया हा प्रकार सुरू केला त्याच्याशिवायचा हा पहिलाच. त्याचं नाव कोणी काढलं नाही. बरंच केलं.

ड्रू मॅकिन्टायर विरुद्ध सेथ रॉलिन्स, सेथकडच्या दुसऱ्या मोठ्या बेल्टसाठी. सेथ आदल्या रात्री पाऊण तास खेळून आलेला, लंगडत, ड्रूने त्याला पटकन गुंडाळला. आणि मग हा येडा काय करतो, बेल्ट मिळाला, बायको समोर बसलीय, शांतपणे घरी जा ना बाबा, नाही, तर कॉमेंट्रीला बसलेल्या सीएम पंकला जाऊन चिडवायला लागला. पंकच्या हाताला दुखापत, पट्टा बांधलेला, त्याने त्याच हाताने ड्रूला बदडला. आणि डेमियन प्रीस्ट सुटकेस घेऊन पळत आला. ही सुटकेस म्हणजे कधीही, कुठेही चॅम्पियनला आव्हान द्यायची चिठ्ठी. सहा मिनिटंसुद्धा बेल्ट राहिला नाही ड्रूकडे. आण्णा संतापले. दमलेल्या, मार खाल्लेल्या माणसावर ताजा गडी सोडायचा, हा कसला न्याय, वस्ताद कुठं गेले ह्यांचे? मला मात्र हा पूर्ण वीकेंडचा सगळ्यात हुशार दहा मिनिटांचा तुकडा वाटतो. माणूस स्वतःच्या जिभेने मेला, एवढं सोपं आणि एवढं पूर्ण.

मधल्या मॅचेस झटपट. स्ट्रीट फाइटला रेफरी बबा रे डडली, फिलाडेल्फिया म्हणजे ईसीडब्ल्यू ह्या जुन्या कुस्ती कंपनीची पंढरी, तिथे टेबल तुटलं नसतं तर दंगल झाली असती, आणि कॉमेंट्रीला स्नूप डॉग, जो मॅचपेक्षा भारी होता. त्या मॅचमधला एकम हा पंजाबी घरातला कॅनेडियन पोरगा आहे, आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही. एलए नाइट विरुद्ध एजे स्टाइल्स, चालून जाते. बेली विरुद्ध इयो स्काय चांगली होती, बेली जिंकली, पण मोठ्या मॅचच्या तोंडावर टाकल्यामुळे पब्लिक आधीच पुढे गेलेलं. हा बेलीवर अन्याय झाला, ती रम्बल जिंकून आलेली.

लोगन पॉलच्या मॅचबद्दल मात्र तक्रार आहे. केविन ओवेन्स आणि रॅन्डी ऑर्टनसारखी दोन कसलेली माणसं समोर, आणि रिंगच्या बरोबर मधोमध त्या लोगनच्याच प्राइम सरबताची जाहिरात छापलेली. मॅचच्या मधे त्याच बाटलीचा पोशाख घालून एक जण येतो, तो यूट्यूबवाला आयशोस्पीड निघतो, ऑर्टन त्याला टेबलावर आरकेओ, म्हणजे आपला खास डाव, देतो. हसलो, खोटं नाही बोलणार. पण जिंकला कोण, तर सरबतवाला. आमच्या गावच्या मैदानात पण बक्षिसं दुकानदारांच्या नावाची असतात, पण दुकानदार स्वतः लंगोट लावून उतरत नाही आणि जिंकत तर त्याहून नाही.

आता शेवटची. कोडी विरुद्ध रोमन. रोमनकडे बेल्ट १,३१६ दिवस, ऑगस्ट २०२० पासून. म्हणजे लॉकडाउनमध्ये रिकाम्या हॉलमध्ये जिंकलेला, आणि तेव्हापासून जगात काय काय होऊन गेलं.

पहिली पंधरा मिनिटं दोघंच. संथ आहे, रोमन बोलतो जास्त. माझं स्पष्ट मत आहे की ही मॅच कुस्ती म्हणून साधीच आहे. कोणी हिला कुस्तीसाठी बघत असेल तर सॅमी-गुंथर बघा आणि झोपा. ही मॅच म्हणजे उधारी वसूल करायचा दिवस आहे. जिमी आला, कोडीला मारायला लागला, तर जे आला आणि स्वतःच्या भावाला रॅम्पवरून खाली घेऊन पडला. ज्या भाऊबंदकीचा काल फज्जा उडाला ती इथे दहा सेकंदांत जमली. मग सोलो, मागच्या वर्षी ह्यानेच काटा काढलेला. रोमन आणि सोलो मिळून मारतात, कोडी दोन मोजल्यावर खांदा उचलतो. इथे आण्णांनी विचारलं, ‘हे सगळे एकाच घरचे?’ मी सांगितलं, जिमी, जे, सोलो सख्खे भाऊ, रोमन त्यांच्या वडिलांचा मामेभाऊ, रॉक मानलेला, म्हणजे आजोबांच्या पिढीत रक्ताची शपथ घेऊन भाऊ झाले तेव्हापासूनचं नातं. आण्णा म्हणाले, ‘मग बरोबर आहे, जमिनीचं असणार काहीतरी.’

मग जॉन सीनाचं म्युझिक. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला त्याने आई पूर्ण जागी झाली. सीनाने सोलोला उचलून टेबलावर आपटला. आणि लगेच रॉक. २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं ह्या दोघांनी रेसलमेनियाची मेन इव्हेंट खेळलीय, दोघं नाकाला नाक लावून उभे, आणि रॉकने सीनाला आपटला. रॉक आता कोडीकडे वळणार, आणि घंटा वाजली.

ज्यांचं बालपण आमच्यासारखं गेलंय त्यांना ती घंटा समजावून सांगायला नको. अंडरटेकरला सात जन्म आहेत असं आमच्या वर्गातला एक पोरगा छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि आम्ही मोजायचो की आता कितवा चालू आहे. लाइट गेले. लाइट आले. रॉकच्या पाठीमागे म्हातारा उभा. गळा धरला, वर उचलला, खाली आपटला. परत लाइट गेले, गायब. एवढंच काम, मोजून काही सेकंद, आणि मी सोफ्यावर उभा होतो, एका हातात ऑफिसचा शर्ट. आण्णांना अंडरटेकर माहीत आहे, कारण एकेकाळी माझी कार्डं त्यांनीच जप्त केलेली. ‘अजून जिवंत आहे हा?’ म्हणाले.

पण खरा शेवट ह्याच्यापुढे आहे आणि पहिल्यांदा बघताना घंटेच्या नादात मी तो नीट बघितलाच नव्हता. गोंधळात सेथ रॉलिन्स शील्डचे, म्हणजे त्याच्या आणि रोमनच्या जुन्या टीमचे, काळे कपडे घालून आलेला. दहा वर्षांपूर्वी, जून २०१४ मध्ये, सेथने रोमनच्या पाठीत खुर्ची घालून ती टीम फोडली होती. आता रोमनच्या हातात खुर्ची आहे, एका बाजूला कोडी पडलेला, दुसऱ्या बाजूला सेथ गुडघ्यावर, पाठमोरा. कोडीला मारली तर बेल्ट वाचतो. रोमन थांबतो. बघतो. आणि खुर्ची सेथच्या पाठीत घालतो. वळतो तोपर्यंत कोडी उठलेला. एक क्रॉस ऱ्होड्स, म्हणजे कोडीचा खास डाव, हात न सोडता दुसरा, तिसरा. एक दोन तीन.

म्हणजे इतकी सगळी जत्रा आणून शेवटी रोमन कोणामुळे हरला, तर स्वतःच्या मनात दहा वर्षं धरून ठेवलेल्या डूखामुळे. सेथला तर माहीतच होतं की मी मार खाणार, तो त्यासाठीच ते कपडे घालून आलेला. हे ज्याने कोणी लिहिलं त्याला मानलं. रिंग अनाउन्सर समँथा अर्विनचा आवाज नाव घेताना फुटला, कोडीची आई रिंगमध्ये आली. ती तिकडे मामा ऱ्होड्स म्हणून ओळखली जाते आणि ह्यावरून आमच्याकडे दोन मिनिटं गोंधळ झाला कारण आण्णा म्हणाले मामा कुठाय, ही तर बाई आहे.

परत बघताना खटकलेली एक गोष्ट म्हणजे रॉक. खलनायक म्हणून दोन महिने त्याने जीव ओतला, आणि दुसऱ्या दिवशीच्या रॉमध्ये कोडीच्या हातात काहीतरी ठेवून गेला, आपण सगळे अंदाज बांधत बसलो, आणि त्याचं पुढे धड काही झालंच नाही. २०२५ च्या रेसलमेनियाला तर तो फिरकलाही नाही. तेव्हा रॉकच्या भागातली मजा आता परत बघताना निम्मी झालीय, हे आधीच सांगून ठेवतो.

नवीन कोणी बघणार असेल तर पहिल्या रात्रीतली सॅमी-गुंथर आणि लॅडर मॅच, दुसऱ्या रात्रीतली ड्रूची पूर्ण भानगड प्रीस्ट येईपर्यंत, आणि मग शेवटची. शेवटची बघायच्या आधी कोडीची रेसलमेनिया ३९ ची हार बघून घ्या, नाहीतर सोलो आल्यावर पोटात गोळा येणार नाही. तुकडे तुकडे बघू नका, ती घंटा तुकड्यात बघितली तर नुसती घंटा आहे. पहिल्या रात्रीला पाचपैकी तीन, त्यातला एक एकट्या गुंथरचा. दुसऱ्या रात्रीला साडेचार, अर्धा सरबताचा कापला.

त्या सोमवारी ऑफिसला साडेदहाला पोचलो. दुपारी आण्णांचा फोन, ते सहसा ऑफिसच्या वेळात फोन करत नाहीत, म्हटलं काय झालं. गुढीसाठी कडुलिंब आणि साखरेची माळ आठवणीने आण म्हणाले, मग जरा थांबून, ‘आणि तो गुंथर परत कधी असतो रे?’